खाली बघा म्हटलं तरी आबा खाली बघत नाहीत

वाचकाचं पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

आम्ही मंगळवार पेठेत राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. वय 71. तरुणपणी तालमीत होते, पुढं साखर कारखान्यात नोकरी करून रिटायर झाले. गेल्या दीड-दोन वर्षांपासून त्यांचं काहीतरी बिनसलंय. उभ्या उभ्या मागच्या मागं पडतात. चक्कर येते का विचारलं तर नाही म्हणतात. गेल्या महिन्यात माडीवरून उतरताना पडले, डोक्याला टाके घातले. जेवताना ताटाकडं बघत नाहीत, समोर बघत घास घेतात आणि रस्सा सदऱ्यावर सांडतात. खाली बघा म्हटलं की खाली बघायचं सोडून डोळे मोठे करून आमच्याच तोंडाकडं बघत राहतात.

दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. चष्मा दोन-तीनदा बदलला, आता महागातला प्रोग्रेसिव्ह आहे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात नजर एकदम चांगली आहे. फॅमिली डॉक्टरांनी चक्करच्या गोळ्या दिल्यात, त्याला वर्ष होत आलं. एका डॉक्टरांनी कंपवाताच्या गोळ्या सुरू केल्या, पण फरक नाही, आणि आबांचे हात तर थरथरतसुद्धा नाहीत. नणंद म्हणते, आबांना म्हातारपणी मिजास आली. गल्लीत कुजबुज आहे की आबा प्यायला लागले. आयुष्यात सुपारी न खाल्लेला माणूस! सासूबाई दर अमावस्येला दृष्ट काढतात. आमच्या ह्यांचा आणि आबांचा रोज वाद होतो. हा हट्ट आहे, डोळ्यांचा आजार आहे की म्हातारपण? पुण्याला न्यायचं का? आणि हे घराण्यातलं असेल तर पुढं ह्यांनाही होईल का, ही भीती वाटते.

– एक सून, कोल्हापूर

उत्तर

ताई, हे उत्तर आधी तुमच्या यजमानांना वाचायला द्या. आबा हट्ट करत नाहीत. त्यांना खाली बघता येत नसावं.

पत्र वाचून निदान करू नये, आणि मीही करणार नाही. पण तुम्ही लिहिलेल्या गोष्टी एकत्र ठेवल्या की एका विशिष्ट आजाराकडे बोट जातं आणि तो कुणीतरी नीट तपासायला हवा. मागे पडणं, ताटाकडे न बघणं, जिना उतरताना पडणं, डोळे मोठे करून बघत राहणं, हाताला कंप नसणं, कंपवाताच्या गोळ्यांना दाद न देणं. या प्रत्येकाला तुमच्या घरात वेगळं कारण चिकटवलंय. पडतात म्हणून चक्कर, सांडतात म्हणून चष्मा, बघत नाहीत म्हणून मिजास. मला ती सगळी एकाच ठिकाणाहून आलेली दिसतात.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. महिन्यापूर्वी डोक्याला मार लागून टाके पडले, तेव्हा सीटी स्कॅन झाला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. या वयात मेंदूच्या आवरणाखाली अगदी संथ रक्तस्राव होऊ शकतो आणि तो कधी कधी काही आठवड्यांनी डोकं वर काढतो. आबा नेहमीपेक्षा जास्त झोपाळू झाले, डोकं दुखतंय म्हणाले, एका बाजूचा हात किंवा पाय ढिला वाटला, बोलण्यात गोंधळ आला, तर पुढचं वाचत बसू नका, त्यांना घेऊन थेट दवाखान्यात जा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर लक्षणांची वाटही बघू नका, स्कॅन करून घ्या.

आता डोळ्यांकडे येऊ. तुमच्या नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं ते बरोबरच आहे, त्यांच्यावर रागावू नका. त्यांनी तक्त्यावरची अक्षरं वाचून घेतली, पडदा पाहिला, लेन्स पाहिली, आणि ते सगळं ठीक आहे. पण तक्ता समोर टांगलेला असतो, आणि समोरचं आबांना उत्तम दिसतं. दिसणं आणि बघणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. डोळा हवा तिथे नेऊन टेकवणं हे दुसरं काम. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू आहेत, त्यांना हलवणाऱ्या तीन नसा आहेत, आणि त्या नसांना हुकूम देणारी केंद्रं मेंदूच्या खोडात आहेत. आपण जागेपणी सेकंदाला सुमारे तीन वेळा नजर एका जागेवरून दुसरीकडे उडवतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. आडव्या उड्यांचा हुकूम एका जागेतून निघतो, वर-खालच्या उड्यांचा दुसऱ्या जागेतून. ही दुसरी जागा मध्यमेंदूच्या वरच्या भागात आहे. तिथल्या पेशी झिजायला लागल्या की माणूस डावीकडे-उजवीकडे छान बघतो, पण खाली बघायचं म्हटलं की डोळे जागचे हलत नाहीत, किंवा इतके सावकाश हलतात की तोवर घास सांडून गेलेला असतो.

यात सर्वांत चकित करणारी गोष्ट पुढे आहे. अशा माणसाला स्वतःहून खाली बघता येत नाही. पण डॉक्टरांनी त्याला समोरच्या एका वस्तूवर नजर ठेवायला सांगून त्याची हनुवटी हळूच वर उचलली, तर डोळे आपोआप खोबणीत खाली सरकतात, अगदी तळापर्यंत. म्हणजे स्नायू शाबूत आहेत, नसाही शाबूत आहेत. आबा तालमीतले, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगते: पैलवान तयार आहे, ताकदही आहे, पण वस्तादांची आरोळी आखाड्यापर्यंत पोहोचत नाही. मान हलल्यावर डोळे फिरवण्याचं काम कानातलं तोल सांभाळणारं यंत्र करतं, त्याची वाट निराळी आहे, आणि ती उघडी असते. ही तपासणी करायला दोन मिनिटं लागतात, पैसा लागत नाही. घरी मात्र करू नका. आबांची मान कडक झालेली असू शकते, आणि मणक्याची झीज असेल तर दुखापत होईल.

माझ्या मनात जो आजार आहे त्याचं नाव प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी. नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे पीएसपी म्हणतात. कॅनडातल्या टोरांटोमध्ये रिचर्डसन, स्टील आणि ओल्शेव्स्की या तीन डॉक्टरांनी 1964 मध्ये नऊ रुग्णांची हकिगत छापली, तेव्हापासून तो वेगळा आजार म्हणून ओळखला जातो. त्याआधी असे रुग्ण नव्हते असं नाही. ते कंपवातात, म्हातारपणात किंवा वेडात जमा होत होते. अजूनही होतात. टाऊ नावाचं एक प्रथिन मेंदूच्या ठराविक पेशींत साचत जातं आणि त्या पेशी मरतात. लाखात पाच-सात जणांना होतो, बहुधा साठी ओलांडल्यावर. फॅमिली डॉक्टरांच्या सबंध कारकिर्दीत असे एक-दोनच रुग्ण येणार, त्यामुळे तो चटकन न सुचणं समजण्यासारखं आहे.

कंपवात आणि हा, दोन्हींत हालचाल मंद होते, अंग ताठरतं. पण कंपवाताचा माणूस पुढे वाकतो, छोटी छोटी पावलं टाकतो आणि पडायला लागतो तो बहुतेक वेळा बऱ्याच वर्षांनी. पीएसपीचा माणूस ताठ उभा राहतो, मान मागे, छाती पुढे, आणि पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच पडायला लागतो, तेही मागच्या मागे. आबांच्या बाबतीत यानेच घोटाळा केला असणार. पैलवानाची मान ताठ आहे यात कुणाला काय वावगं वाटणार? त्यात कपाळावर आठ्या, वर ओढलेल्या भुवया आणि न मिटणारे डोळे. निरोगी माणूस मिनिटाला 15 ते 20 वेळा पापणी मिटतो, या आजारात ते चार-पाचवर येतं. असा चेहरा समोरच्याला उर्मट किंवा चकित वाटतो. तुमच्या नणंदबाईंना जी मिजास दिसली ती चेहऱ्याच्या ताठरलेल्या स्नायूंची आहे. इंग्रजी पुस्तकांत या आजाराची एक खूण लिहिलेली असते, मळलेला टाय. खाली बघता येत नाही, म्हणून जेवण टायवर सांडतं. आपल्याकडे टाय कोण लावतंय! पांढऱ्या सदऱ्यावरचा तांबडा रस्सा मला त्या टायपेक्षा जास्त सांगून जातो.

गल्लीतल्या कुजबुजीबद्दल एवढंच सांगते की आबा एकटे नाहीत. इंग्लंडचे प्रसिद्ध विनोदी नट आणि पियानोवादक डडली मूर यांची जीभ अडखळू लागली, तोल जाऊ लागला, तेव्हा लोकांनी हाच निष्कर्ष काढला होता की हे पितात. त्यांना पीएसपी आहे हे 1999 मध्ये जगाला कळलं. 2002 मध्ये ते गेले. ज्याला शेजाऱ्यांना काही सांगायचं असेल त्याने हे सांगावं.

आता जे दुसरं असू शकतं तेही बघू, कारण त्यातल्या काही गोष्टी बऱ्या होणाऱ्या आहेत, आणि बरं होणारं काही सुटता कामा नये.

सगळ्यात आधी त्या चक्करच्या गोळ्या. चिठ्ठी काढून नाव वाचा. सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांपैकी काही असेल, किंवा मळमळीसाठी मेटोक्लोप्रामाइड चालू असेल, तर याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरांना भेटून ती गोळी अजून लागते का, हे विचारा. ही औषधं थोडे दिवस घ्यायची असतात. म्हाताऱ्या माणसाने महिनोन्महिने घेतली तर तीच अंग ताठरवतात, हालचाल मंद करतात आणि पाडतात. पडतो म्हणून गोळी, आणि गोळीने आणखी पडतो, हे चक्र मी इतक्यांदा पाहिलंय की रुग्णाची पिशवी उघडली की माझा हात आधी त्याच चिठ्ठ्यांकडे जातो. तुम्ही तर लिहिलंय की आबांना चक्कर येतच नाही. मग गोळी कशाची? कंपवाताच्या गोळ्यांचं मात्र वेगळं आहे, त्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. पीएसपीतही काहींना त्यांचा थोडा उपयोग होतो, निदान सुरुवातीला. डोस पुरेसा होता का, पुरेसे दिवस दिला का, हे न्यूरोलॉजिस्ट बघतील.

मेंदूत पाणी साचण्याचा एक आजार आहे. त्यातही चाल बिघडते, लघवीवरचा ताबा जातो, विसराळूपणा येतो, आणि शस्त्रक्रियेने पाण्याला वाट करून दिली तर काही जण सुधारतात. बारीक बारीक पक्षाघातांनीही चाल आणि नजर दोन्ही बिघडू शकतात. हे सगळं एमआरआयमध्ये दिसतं. पीएसपी असेल तर त्याच एमआरआयमध्ये मध्यमेंदू इतका बारीक झालेला दिसतो की बाजूने पाहिलं तर हमिंगबर्ड या लांब चोचीच्या चिमुकल्या पक्ष्याचा आकार भासतो. रेडिओलॉजिस्ट रिपोर्टात तसं लिहितातही. पण आजाराच्या सुरुवातीला तो आकार न दिसणं शक्य आहे, म्हणून रिपोर्ट साधा आला तरी डोळ्यांची तपासणी सोडू नका.

नजर वर जात नसेल तर गोष्ट निराळी. वय वाढलं की वर बघणं थोडं कमी होतंच, त्यात आजार नाही. पण तरुण माणसाची नजर अचानक वर जाईनाशी झाली आणि डोकं दुखत असेल, तर मध्यमेंदूच्या मागच्या बाजूला गाठ किंवा पाण्याचा दाब शोधावा लागतो. एकोणिसाव्या शतकातल्या पारिनो नावाच्या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाचं नाव त्या लक्षणांना आहे. लहान मुलाला खाली बघता येत नसेल, ते अडखळत असेल आणि खळखळून हसताना एकदम मटकन खाली बसत असेल, तर नीमन-पिक सी नावाच्या आनुवंशिक आजाराचा विचार करतात. आबांना हे लागू नाही. पण हे सदर वाचणाऱ्या एखाद्या घरात असं मूल असेल, म्हणून लिहिलं.

आणि जे मला रोज विचारलं जातं: संध्याकाळ झाली की पापणी खाली येते, एकाचे दोन दिसतात, सकाळी मात्र सगळं झकास. तो मायस्थेनिया. नस आणि स्नायू जिथे जुळतात तिथला बिघाड. त्याची एक तपासणी मला फार आवडते. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवायचा आणि बघायचं. थंडीने तो जोड तात्पुरता सुधारतो आणि पडलेली पापणी वर येते. रुग्ण आरशात बघून हसतो. आबांच्या पापण्या पडत नाहीत, उलट जास्तच उघड्या राहतात, त्यामुळे ते इथे बसत नाहीत.

म्हणजे दाखवायचं न्यूरोलॉजिस्टना. पुण्याची घाई नको. कोल्हापुरात न्यूरोलॉजिस्ट आहेत, एमआरआय होतो. दुसरं मत घ्यावंसं वाटलं तर पुणे-मुंबई नंतर आहेच. आबांना तासन् तास गाडीत बसवून न्यायचं, अनोळखी लॉजच्या बाथरूममध्ये पडू द्यायचं, हे आत्ता कशाला?

जाण्याआधी मोबाइलवर चार छोटे व्हिडिओ काढा. आबा खुर्चीतून उठताना, चालून वळताना, जेवताना, आणि चौथ्यात फक्त चेहरा, जवळून. त्यात समोर पेन धरून ते आधी डावी-उजवीकडे आणि मग वर-खाली सावकाश न्या आणि डोकं न हलवता बघायला सांगा. दवाखान्यात माणसं अंगात बळ आणून नीट वागतात, घरच्या व्हिडिओत खरं दिसतं. पडण्याच्या तारखा जमेल तशा लिहून काढा, कुठल्या बाजूला पडले तेही लिहा. डॉक्टर कदाचित त्यांना तीनदा टाळ्या वाजवायला सांगतील. आबांनी तीनावर न थांबता वाजवतच ठेवल्या तर हसू नका आणि त्यांना टोकूही नका, तीही एक तपासणी आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा गोल ढोल डोळ्यांसमोर फिरवतील, तो का, हे जरूर विचारा, चांगले डॉक्टर आनंदाने समजावतात.

घरात मात्र डॉक्टरांची वाट न बघता आजपासून बदल करता येतील. निदान पीएसपीचं निघो वा दुसरं काही, खाली न दिसणाऱ्या आणि मागे पडणाऱ्या माणसाला हे लागणारच.

तो महागातला चष्मा काढून ठेवा. प्रोग्रेसिव्ह आणि बायफोकलमध्ये जवळचं बघायचा भाग काचेच्या खालच्या अर्ध्यात असतो, आणि आबांचे डोळे तिथे उतरतच नाहीत. नेत्रतज्ज्ञांना सांगून दोन साधे चष्मे करून घ्या, एक लांबचा, एक फक्त वाचायचा. वस्तू थोडी वर उचलून दाखवणारे प्रिझमचे चष्मे असतात, कुणाकुणाला जेवताना आणि वाचताना त्यांचा उपयोग होतो. आधी काचेवर तात्पुरता चिकटवायचा प्रिझम लावून बघा, मग खर्च करा. पापणी कमी मिटते म्हणून डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, उजेड सहन होत नाही. त्याला ओलावा देणारे थेंब असतात, ते तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुढे कधी आबांना डोळे मिटल्यावर उघडता येईनासे झाले, तर ते झोपेचं सोंग समजू नका. पापणी उघडण्याचा हुकूमही याच आजारात अडकतो, आणि त्यावर पापणीभोवती बोटॉक्सची बारीक इंजेक्शनं देतात.

नजर खाली जात नाही ना, मग वस्तू वर आणा. माझ्या मते तुमच्या घरातला सगळ्यात मोठा बदल हाच असेल. आबांना पाटावर बसवू नका, खुर्ची-टेबलावर बसवा, आणि टेबलावर चौरंग ठेवून त्यावर ताट ठेवा, छातीच्या उंचीला. काठ असलेली खोलगट थाळी घ्या, म्हणजे घास चमच्यात सापडतो. पेपर मांडीवर नको, ग्रंथ वाचायला असतं तसं उभं स्टँड घ्या. टीव्ही भिंतीवर जरा वर सरकवा. औषधाची डबी, पाण्याचा तांब्या, काठी, सगळं डोळ्यांच्या रेषेत. त्यांच्याशी बोलताना समोर उभे राहा, पायाशी बसून बोलू नका. यातलं निम्मं तुम्ही एका दुपारी कराल, आणि मला खात्री आहे की जेवणावरचे वाद त्या रात्रीच कमी होतील.

माडी बंद. आबांचं अंथरूण खाली आणा, यावर त्यांची नाराजी सोसा. खाली आणल्यावरही पायपुसणी, सतरंज्या, मुलांची खेळणी, उंबऱ्याजवळच्या चपला, सगळं उचला, कारण पायाखालचं त्यांना दिसणार नाही. संडास बसायचा असेल तर कमोड खुर्ची आणा, न्हाणीत स्टूल आणि भिंतीला दांडा. अंबाबाईच्या दर्शनाला न्यायचं असेल तर गर्दी टाळून, कुणाचा तरी हात धरून. जोतिबाच्या पायऱ्या आता नकोत. काठीवर फार विसंबू नका, मागे पडणाऱ्याला काठी सावरत नाही. हलका वॉकरही मागे कलंडतो, पुढच्या बाजूला वजन असलेला, चाकांचा वॉकर फिजिओथेरपिस्टला विचारून घ्या. चालताना त्यांच्या पुढे होऊन हात ओढू नका, बाजूने, किंचित मागून चाला. आणि लुना, स्कूटर, जे काही असेल त्याची चावी आजच काढून घ्या. खड्डा न दिसणारा माणूस आपल्या रस्त्यांवर!

एक अनुभव तुम्हाला येत असेलच. उठू नका, मी येते, असं दहादा सांगूनही आबा एकदम ताडकन उठतात आणि मागच्या मागे पडतात. बसतानाही धाडकन अंग टाकतात. याला ऐकत नाहीत असं म्हणू नका. आजार मेंदूच्या पुढच्या भागाची थांबवण्याची ताकद काढून घेतो. सूचना कळते, पण उठायची ऊर्मी त्याआधी पायात उतरते. समजावून उपयोग नाही, हाताशी माणूस हवा, रात्री विशेषकरून. सासूबाईंना एकट्याने उचलायला लावू नका, दोघंही पडतील. कधी कारण नसताना रडू किंवा हसू फुटलं तर तेही तिथलंच. त्यावर औषध आहे, डॉक्टरांना सांगा.

गिळण्याकडे डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. या आजारात सर्वांत जास्त धोका छातीत अन्न किंवा पाणी जाऊन होणाऱ्या न्यूमोनियाचा असतो. पातळ पदार्थ जास्त अडचणीचे: पाणी, चहा, पांढरा रस्सा. जेवताना ठसका लागतोय का, जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता येतोय का बघा. तसं असेल तर पदार्थ दाट करा, घोट लहान द्या, टीव्ही बंद करून जेवू द्या, जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवा. स्पीच थेरपिस्ट फक्त बोलणं शिकवतात असा समज आहे, पण गिळण्याची तपासणीही त्याच करतात. ताप आला की घरगुती काढ्यावर थांबू नका.

दृष्ट काढायची सासूबाईंची पद्धत राहू द्या. त्यांच्याही हाताला काहीतरी काम हवं. फक्त ते चालू आहे म्हणून न्यूरोलॉजिस्टची तारीख पुढे ढकलू नका, आणि कुणी देवऋषी धुपाच्या धुरात डोळे उघडे ठेवून बसवायला सांगेल तर स्पष्ट नाही म्हणा. ते डोळे आधीच कोरडे आहेत.

तुमच्या भीतीबद्दल. पीएसपी बहुतेक वेळा घराण्यातून येत नाही. तुमच्या यजमानांनी किंवा मुलांनी त्यासाठी कसलीही तपासणी करून घ्यायची गरज नाही. आबांच्या भावंडांत किंवा आई-वडिलांत कुणाला असंच झालं असेल तर तेवढं मात्र डॉक्टरांना सांगा.

निदान पीएसपीचंच ठरलं तर जे ऐकावं लागेल ते आधी सांगून ठेवते. आजार थांबवणारं औषध आज नाही. तो वाढत जातो, साधारण सहा ते नऊ वर्षांच्या हिशोबाने, कुणाचा हळू, कुणाचा वेगाने. वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर खात्रीशीर इलाज म्हणून काही दिसलं तर पैसे भरण्याआधी न्यूरोलॉजिस्टना दाखवा. स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये घेणारे आहेत. फिजिओथेरपी आणि गिळण्याची काळजी यांनी मात्र पडणं आणि न्यूमोनिया दोन्ही कमी करता येतात, आणि तो फरक घरात जाणवतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मज्जासंस्थेचे दीर्घ आजार येतात, त्यामुळे पुढे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येईल का, तेही डॉक्टरांना विचारून ठेवा.

आबांना सांगायचं का? माझं मत, सांगायचं. विसराळूपणा या आजारात कंटाळवाण्या संथपणासारखा असतो, समज बरीच शाबूत राहते. प्रश्न विचारला की उत्तर यायला वेळ लागतो, पण येतं. तेवढा वेळ थांबा, मध्ये वाक्य पुरं करू नका. पुढे बोलणं अस्पष्ट होत जाईल, तेव्हा घराचे कागद, बँकेची सही, आणि गिळता येईनासं झालं तर पोटात नळी घालायची की नाही, हे त्यांच्या तोंडून आत्ताच ऐकून घ्यायला हवं. हे बोलणं तुमच्या यजमानांनी करावं, तुम्ही नाही. दोन वर्षं ज्या माणसाशी रोज भांडण झालं, त्याच्याशी हे बोलायला त्यांना जड जाईल, पण त्यांच्याशिवाय दुसरं कुणी ते करू नये.

एमआरआय आणि न्यूरोलॉजिस्टची चिठ्ठी हातात आली की मला कळवा. चक्करच्या गोळीचं नाव मात्र त्याआधी, याच आठवड्यात.